पन्हाळा ते पावनखिंड पावसात चालताना: आखणी, सामान आणि वाटेचे टप्पे

पन्हाळा ते पावनखिंड ही वाट तांत्रिकदृष्ट्या सोपी आहे. कुठे कडा चढायचा नाही, दोर लावायचा नाही, दर दोन-तीन तासांनी एखादी वाडी लागते. तरीही दर जुलैत कितीतरी जण ती अर्ध्यात सोडतात. बहुतेकांना थांबवतात ते पाय: फोड, काचलेल्या मांड्या, गुडघे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या बुटात पाय घालायची नकोशी वाटणारी वेळ. यामागे तीन चुका असतात. अंतर किलोमीटरमध्ये मोजलं जातं, चिखल हिशेबात धरला जात नाही. सॅक जड असते. आणि मुक्कामी पोहोचल्यावर पायांकडे बघायचं सोडून आधी चहा आणि फोटो होतात.

खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. तिसरा टप्पा शेवटच्या आठवड्यावर ढकलला तर पुढचं सगळं बिघडतं.

1. दिवस आणि तारखा ठरवा

पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंत सुमारे 50 किलोमीटर चाल आहे. पुढे गजापूरमार्गे विशाळगड गाठायचा तर आणखी दहा-बारा किलोमीटर धरा. सपाट डांबरी रस्त्यावर माणूस ताशी पाच किलोमीटर चालतो. याच वाटेवर जुलैच्या चिखलात, सॅक पाठीवर घेऊन, गटाबरोबर, थांबे धरून हा वेग अडीचवर येतो. म्हणजे 25 किलोमीटरचा दिवस दहा तासांचा होतो. आखणी या आकड्यावर करा, स्वतःच्या रोजच्या फिरण्याच्या वेगावर नको.

- पहिल्यांदाच जात असाल तर दोन मुक्काम, तीन दिवस. पहिला मुक्काम करपेवाडी किंवा आंबेवाडी, दुसरा माळवाडी-पाटेवाडीच्या आसपास, तिसऱ्या दिवशी पावनखिंड.
- रोजचा सराव असलेल्यांनी एक मुक्काम, दोन दिवस. मुक्काम आंबेवाडीलाच हवा. त्याच्या बराच अलीकडे थांबलात तर दुसरा दिवस अंधारात संपतो.

सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले त्या 12-13 जुलैच्या तारखांना जोडून मोठ्या मोहिमा निघतात. त्या दिवसांत वाटेवर सोबत भरपूर असते, वाट चुकत नाही. पण शेकडो पावलांनी तुडवलेला चिखल घोट्यापर्यंत येतो आणि वाड्यांमधल्या शाळा, मंदिरं, घरं आधीच भरलेली असतात. छोट्या गटाने त्या आठवड्याच्या पुढचा किंवा मागचा आठवडा धरावा. ज्यांनी कधी पावसात पूर्ण दिवस चाल केलेली नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर हा काळ चांगला. ओढे उतरलेले असतात आणि वाटही कोरडी असते.

2. आठ आठवडे आधी: पायांना सवय

जिममधली ताकद इथे फारशी उपयोगी पडत नाही. लागते ती सलग आठ-दहा तास पायांवर राहण्याची सवय, आणि उतारावर गुडघे सांभाळायची.

पहिले तीन आठवडे आठवड्यातून चार दिवस एक तास भरभर चाला. चौथ्या आठवड्यापासून त्यातले दोन दिवस टेकडी किंवा जिना. चढण्याइतकाच वेळ उतरण्याला द्या, कारण फोड आणि गुडघेदुखी दोन्ही उतारावर सुरू होतात. पाचव्या आठवड्यापासून रविवारी लांब चाल: आधी 12, मग 15, मग 18 किलोमीटर, तीही प्रत्यक्ष नेणार तीच सॅक आणि तेच बूट घालून. शेवटून दुसऱ्या आठवड्यात शनिवार-रविवार सलग दोन दिवस चाला. दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी चालणं कसं असतं हे तेव्हाच कळायला हवं. शेवटचा आठवडा हलका ठेवा.

*तपासा:* जूनमध्ये एक लांब चाल मुद्दाम भर पावसात करा. रेनकोट कुठे गळतो, मोजे कुठे चावतात, सॅकचा पट्टा कुठे काचतो, हे त्या एका दिवसात समजतं.

3. बूट, मोजे आणि कातडी

या वाटेवर बूट कोरडे राहत नाहीत. पाणी आत येऊ न देणारे महागडे बूटही पहिल्या ओढ्यात वरून भरतात, आणि मग तेच पाणी बाहेर जाऊ देत नाहीत. म्हणून पाणी लगेच निथळेल असा हलका, जाळीदार किंवा कापडी बूट घ्या. तळाला खोल, एकमेकांपासून लांब असलेल्या रबरी गुट्ट्या हव्यात. गुट्ट्या जवळजवळ असतील तर मधे चिखल भरतो आणि तळ गुळगुळीत होतो. चामड्याचे बूट पाणी पिऊन जड होतात. सँडलमध्ये खडे आणि काटे शिरतात, जळवांनाही मोकळं रान मिळतं.

माप संध्याकाळी, मोजा घालून बघा. टाच मागे टेकवल्यावर पुढे अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. नवे बूट किमान 60-70 किलोमीटर वापरून मगच आणा. उलट, चार वर्षं माळ्यावर पडलेले बूटही आणू नका. त्यांचा गोंद सुकलेला असतो आणि चिखलात तळ सुटून हातात येतो. काही झालं तरी सॅकमध्ये दोन मीटर मजबूत दोरी आणि रुंद चिकटपट्टी असू द्या, तळ बांधायला कामी येते.

मोजे तीन जोड: दोन चालायला, एक फक्त झोपायला. सुती मोजे नकोत, ओले झाले की गोळा होऊन कातडी सोलतात. लोकरीचं मिश्रण किंवा सिंथेटिक चालतं.

नखं निघण्याच्या तीन-चार दिवस आधी कापा. आदल्या रात्री कापली तर कडा टोचतात. सकाळी मोजे घालण्याआधी टाच, बोटांच्या मधली जागा आणि चवड्याला पेट्रोलियम जेली चोळा. हीच जेली मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि काखेतही लावा. काचलेल्या मांड्यांमुळे चाल सोडणारे लोक फोडांपेक्षा कमी नसतात, फक्त ते बोलत नाहीत. जीन्स अजिबात नको. आत घट्ट सिंथेटिक शॉर्ट्स, वर पटकन वाळणारी ट्रॅक पँट.

4. सॅक भरणे

पाण्यासकट आठ किलो ही वरची मर्यादा. 40 लिटरची सॅक पुरते. साठ लिटरची घेतली तर ती भरली जातेच.

बाहेरून घालायच्या रेन कव्हरवर विसंबू नका. पाठीच्या बाजूने पाणी पट्ट्यांवरून ओघळत आत जातं, तिथे कव्हर नसतं. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सगळं सामान त्यात, तोंड पिळून दुमडून बांधा. त्याच्या आत प्रत्येक गोष्ट वेगळ्या पिशवीत.

क्रम असा: तळाला झोपायचे कोरडे कपडे, मोजे आणि हलकी स्लीपिंग बॅग किंवा चादर. मधे, पाठीला लागून, जड वस्तू म्हणजे खाणं आणि पॉवर बँक. वर औषधं, टॉर्च, अंगात घालायचा गरम कपडा. बाहेरच्या खिशात पाणी आणि दिवसाचा खाऊ.

कपड्यांचे दोनच संच: एक चालायचा, जो दिवसभर ओला राहणार, आणि एक मुक्कामाचा, जो कधीही ओला होऊ द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओलेच कपडे चढवायचे. हे जिवावर येतं, पण कोरडा संच घालून निघालात तर दुपारपर्यंत दोन्ही संच ओले आणि रात्री थंडीत कुडकुडायची वेळ.

बाकी सामान: डोक्याला लावायचा टॉर्च आणि जादा सेल, शिट्टी, छातीपर्यंत उंचीची काठी, ओळखपत्राची प्रत, दहा-वीस-पन्नासच्या नोटा (रेंज नसली की ऑनलाइन पैसे जात नाहीत), आधीच उतरवून ठेवलेला नकाशा असलेला मोबाइल. मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा, रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. छत्री वाड्यांमध्ये बरी, मसाई पठारावरच्या वाऱ्यात ती उलटी होते.

औषधांत: रोज घ्यायच्या गोळ्या दोन दिवस जादा, पॅरासिटामॉल, ओआरएस, अँटिसेप्टिक, क्रेप बँडेज, कापूस, फोडांसाठी कापडी चिकटपट्टी, बुरशीची पावडर.

*तपासा:* भरलेली सॅक पाठीवर घेऊन पाच मिनिटं नळाखाली किंवा शॉवरखाली उभे राहा. मग उघडून बघा.

5. खाणं आणि पाणी

वाड्यांमध्ये आधी सांगून ठेवलं तर भाकरी, पिठलं, आमटी-भात असं गरम जेवण मिळतं. न सांगता 12 जण संध्याकाळी दारात उभे राहिले तर त्या घराची ओढाताण होते. भरलावणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसं शेतात असतात. आठवडाभर आधी माणसांचा आकडा कळवा, पैसे ठरवा आणि ठरलेल्यापेक्षा कमी माणसं आली तरी ठरलेले पैसे द्या.

दुपारसाठी दशम्या किंवा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दशम्या दुधात मळलेल्या असल्या तर दोन दिवस मऊ राहतात. चालताना खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, माणशी दिवसाला 250 ग्रॅमच्या आसपास. हे पँटच्या किंवा पट्ट्याच्या खिशात हवं. सॅक उतरवावी लागली तर पावसात कोणी खात नाही, आणि दुपारी तीनला पाय गळतात.

पाण्याचंही तसंच. अंग ओलं असल्याने तहान जाणवत नाही, पण रेनकोटच्या आत घाम निथळत असतो. दीड-दोन तासांनी अर्धा लिटर प्या. दोन लिटरची सोय जवळ असू द्या. ओढ्याचं पाणी वाहतं असलं तरी वर गुरं चरतात, म्हणून थेट पिऊ नका. गढूळ असेल तर दुहेरी फडक्यातून गाळा, मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. घराघरांत उकळलेलं पाणी मागितलं तर देतात.

6. आदल्या आठवड्यातली कामं

गट चार ते पंधरा जणांचा. पुढे एक आणि मागे एक अशी वाट माहीत असलेली दोन माणसं ठरवा. पुढच्याच्या पुढे आणि मागच्याच्या मागे कोणी जायचं नाही. प्रत्येक वाडीत मोजणी.

गाडी पन्हाळ्यावर ठेवू नका. चाल संपते तिथून पन्हाळा लांब आहे आणि दमलेल्या अवस्थेत गाडी आणायला पुन्हा तासन् तास जातात. कोल्हापुरात गाडी ठेवून एसटीने पन्हाळ्याला जा. परतीसाठी पांढरपाणी किंवा गजापूरला जीप सांगून ठेवा. विशाळगडाकडून मलकापूर-कोल्हापूरला एसटी आहे पण फेऱ्या मोजक्या, आणि वडाप (माणसं भरून नेणारी खासगी जीप) संध्याकाळनंतर मिळेलच असं नाही.

पावसाळी पर्यटनावर आणि विशाळगडावर जाण्यावर प्रशासन वेळोवेळी निर्बंध घालतं. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी पन्हाळा आणि शाहूवाडीच्या पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात चौकशी करा.

हवामान खात्याचा जिल्ह्यासाठी लाल इशारा असेल तर तारीख बदला. नारंगी असेल तर वाटेतल्या एखाद्या वाडीत फोन लावून ओढ्यांची स्थिती विचारा. शिवाय कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. पंचगंगेची इशारा पातळी तिथे 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पातळी चाळिशीकडे सरकत असेल तर तुम्ही वर डोंगरात सुखरूप असाल, पण कोल्हापुरात परत येणारे रस्ते पाण्याखाली जाऊ शकतात.

*सावध:* सगळ्या गावांची यादी आणि रोजची पोहोचण्याची वेळ घरी एका माणसाकडे लिहून द्या. रेंज कधी मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून "अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं" तेही लिहा.

7. पन्हाळा ते कुंभारवाडी: दिवसाचा सगळा वेळ इथे ठरतो

पन्हाळ्यावर आदल्या रात्री पोहोचा. सकाळी कोल्हापुरातून निघून, नाश्ता करून, बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो काढून चालायला लागेपर्यंत नऊ वाजतात आणि ते अडीच तास दिवसभर भरून निघत नाहीत. साडेसहाला पहिलं पाऊल पडलं पाहिजे.

पुसाटी बुरुजाच्या बाजूने राजदिंडीची वाट खाली उतरते. तिथला जांभा शेवाळलेला असतो. शरीर ताठ ठेवून टाच आपटत उतरू नका. गुडघे किंचित वाकवून, पाऊल पूर्ण टेकवून, लहान पावलं टाका. पुढच्या माणसाशी दोन हातांचं अंतर ठेवा, एक घसरला तर दुसऱ्याला घेऊन जातो. खाली तुरुकवाडी, मग म्हाळुंगे, आणि तिथून मसाई पठाराची चढण.

पठार हीच या पहिल्या दिवसाची खरी परीक्षा. चढ संपल्यावर लोक निश्चिंत होतात, आणि नेमकी तिथेच वाट हरवते. पठार सपाट, विस्तीर्ण, त्यावर गुरांच्या वाटांचं जाळं, आणि जुलैत ढग अंगावरून जात असल्याने वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. वर येताच हे करा:

- गट एकत्र आणा. इथून मसाईच्या मंदिरापर्यंत आणि पुढे उतार सुरू होईपर्यंत कोणी एकटं चालायचं नाही.
- मोबाइलवर दिशा आणि आपली जागा बघा, दर दहा मिनिटांनी पुन्हा बघा. पठाराच्या कडेकडे सरकत असाल तर लगेच कळतं.
- दाट धुक्यात वाट दिसेनाशी झाली तर थांबा. शोधायला एकच माणूस, शिट्टीच्या टप्प्यात. ढग थोड्या वेळाने विरळ होतो. आंधळेपणाने पुढे जाण्यापेक्षा पंधरा मिनिटं थांबणं स्वस्त.
- मंदिरापाशी थांबलात तर आडोशाला थांबा. ओलं अंग आणि वारा यांनी थंडी फार लवकर भरते. कोणी सारखं कुडकुडत असेल, अडखळत बोलत असेल, हातांनी बटण लावता येत नसेल, तर त्याला आडोशाला नेऊन ओला शर्ट काढा, गरम कपडा घाला, गोड काहीतरी खायला द्या. "चाललं की येईल ऊब" म्हणून पुढे ढकलू नका.

ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी पठार सकाळीच ओलांडावं. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतात, आणि त्या उघड्यावर सगळ्यांत उंच वस्तू माणूसच असतो.

*तपासा:* कुंभारवाडीत दुपारी बाराच्या आत पोहोचलात तर आंबेवाडी उजेडात गाठाल. एक वाजून गेला असेल तर मुक्काम करपेवाडीला किंवा अलीकडे हलवा. हा निर्णय इथेच घ्या, चार वाजता चिखलात नको.

8. कुंभारवाडी ते आंबेवाडी

खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी असा क्रम. वाट चढ-उताराची, मधूनमधून कच्चा रस्ता. इथे फारसं चुकत नाही, फक्त प्रत्येक वाडीत पुढच्या वाडीचं नाव घेऊन विचारा. "पावनखिंड कुठं?" असं विचारलं तर लोक गाडीरस्ता दाखवतात.

पायात कुठे गरम, चुरचुरल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी थांबा. तो फोड होण्याआधीचा इशारा. बूट काढा, जागा पुसून कोरडी करा, कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा, कोपरे गोल कापा. गटाला थांबवायचा संकोच करून अर्धा तास दामटलं की तिथे पाणी भरतं, आणि मग दुसरा दिवस लंगडत.

शेतांतून जाताना बांधावरून एकामागे एक चाला. चिखलणी केलेल्या किंवा रोप लावलेल्या खाचरात पाय घालू नका, आणि बांध ढासळेल असा कडेवर भार देऊ नका. बांध फुटला की खाचरातलं पाणी उतरतं आणि त्या कुटुंबाची लावण वाया जाते. वाट सोडून शेतातून "शॉर्टकट" मारणाऱ्यांमुळे काही ठिकाणी लोक चालणाऱ्यांवर वैतागलेले आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे.

9. मुक्कामाचा पहिला तास

या वाटेवर सर्वांत जास्त दुर्लक्ष याच तासाकडे होतं. क्रम पाळा.

1. बूट-मोजे बाहेरच काढा. पाय स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, बोटांच्या मधून चिखल काढा.
2. पाय पूर्ण पुसून दहा-पंधरा मिनिटं उघडे ठेवा. कातडी पांढरी, सुरकुतलेली, सुजल्यासारखी दिसेल. ती कोरडी होऊ द्यायची आहे, जेली किंवा तेल आता नको.
3. ओरखडे, काटे, जळवांच्या जागा बघा. अँटिसेप्टिक लावा.
4. लहान फोड फोडू नका. मोठा, चालताना दुखणारा असेल तरच: सुई उकळत्या पाण्यातून काढा, कडेला बारीक छिद्र पाडा, पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच ठेवा, औषध लावून झाका.
5. पावडर, कोरडे मोजे, कोरडे कपडे. आता चहा.
6. बुटांमधले तळवे काढा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. झोपण्याआधी एकदा बोळे बदला. मोजे पिळून वाऱ्याला टांगा. बूट चुलीच्या अगदी जवळ ठेवू नका, गोंद सुटतो.

सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून आपटा. विंचू, बेडूक, काहीही उबेला आत येतं.

10. आंबेवाडी ते पाटेवाडी: चिखल आणि ओढे

कळकवाडी, रिंगेवाडी, माळवाडी, पाटेवाडी. इथे पाऊस वाढतो, झाडी दाटते आणि वाट म्हणजे बऱ्याच ठिकाणी वाहतं पाणी असतं. चिखलातून चालताना कोरडी जागा शोधत उड्या मारू नका. घोटा मुरगळण्याचं ते पहिलं कारण. पाय ओले होणारच आहेत, सरळ मधून, काठीने खोली बघत जा. रुतलेला पाय झटका देऊन उपसला तर बुटाचा तळ सुटतो. आधी टाच हलवून हवा आत जाऊ द्या, मग उचला.

ओढा ओलांडणं हा या वाटेवरचा खरा धोका आहे. साकव असेल तर थोडा वळसा पडला तरी साकवावरूनच जा. नसेल तर:

- आधी पाच मिनिटं बघा. पाणी वाढतंय का हे कळण्यासाठी काठावर दगड ठेवून खूण करा. पाणी तांबडं, फांद्या वाहून आणणारं, आतून दगड गडगडल्याचा आवाज करणारं असेल तर उतरू नका.
- काठीने खोली मोजा. वेगाचं पाणी सर्वांत बुटक्या माणसाच्या गुडघ्याच्या वर असेल तर थांबा. हे ओढे छोटे आहेत, पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात.
- जागा रुंद आणि उथळ निवडा. अरुंद जागी पाणी खोल आणि जोरात असतं. खाली धबधबा किंवा झाडांची अडण असेल तिथे नको.
- सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडल्यावर सॅक टाकून देता येते. बूट पायातच ठेवा.
- तोंड प्रवाह येतो त्या दिशेला, काठी समोर टेकवलेली, बाजूला सरकत, एका वेळी एकच पाय हलवत.
- जोर असेल तर तिघे-चौघे एकामागे एक, सर्वांत वजनदार माणूस प्रवाहाच्या बाजूला काठी घेऊन पुढे, मागचे त्याची सॅक धरून.

*सावध:* ओढ्यात कोणाच्याही कमरेला दोर बांधू नका. माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवतो.

*तपासा:* ओढ्यामुळे दोन तासांपेक्षा जास्त वेळ गेला तर मागच्या वाडीत परता. बहुतेक वाड्यांना मलकापूर किंवा बांबवड्याकडे जाणारा रस्ता आहे, सकाळी वडाप किंवा दुधाची गाडी मिळते.

11. म्हसवडे, पांढरपाणी, पावनखिंड: जंगल आणि जळवा

जळवा पालापाचोळ्यातून आणि खालच्या पानांवरून चढतात. पँटचे पाय मोज्यांत खोचा, मोज्यांवर तंबाखूचं पाणी किंवा मिठाचं फडकं चोळा (पावसात ते धुतलं जातं, तासाभराने पुन्हा), आणि थांबायचं असेल तर दगडावर किंवा उघड्या रस्त्यावर थांबा. दर अर्ध्या तासाने एकमेकांचे पाय बघा.

चिकटलेली जळू ओढू नका, जाळू नका, तिच्यावर मीठही टाकू नका. त्रास झाला की ती पोटातलं जखमेत ओकते. तिच्या बारीक टोकाखाली नख घालून कातडी आडवी खरवडा, ते सुटलं की जाड टोक सोडवा आणि फेका. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. धुवा, कापूस दाबून धरा, चिकटपट्टी लावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

हा पट्टा गव्यांचाही आहे. गवा दिसला तर थांबा, गोंगाट किंवा फोटोसाठी पुढे जाणं नको, त्याला जायला बाजू मोकळी ठेवून सावकाश मागे सरा. एकटा नर जास्त बेभरवशाचा.

साप चावला तर जागा कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. माणसाला झोपवा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधतात तसा काठ्यांनी स्थिर करा, अंगठ्या-पैंजण काढा, आणि त्याला उचलून रस्त्यापर्यंत न्या. 108 ला फोन करा. मलकापूरला ग्रामीण रुग्णालय आहे, मोठी सोय कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात.

पांढरपाण्याला डांबरी रस्ता लागतो. तिथून पावनखिंड जवळ आहे. खिंडीत खाली उतरायला पायऱ्या आणि कठडा आहे, पण पाण्याचा लोंढा असेल तर वरूनच दर्शन घ्या. खिंडीच्या पात्रात उतरून फोटो काढणं हा त्या जागेचाही मान नाही आणि शहाणपणाही नाही.

12. पुढे विशाळगड, की परत?

भाततळी, गजापूर आणि गड. गजापुरात दुपारी दोनच्या आत असाल, पाय धड असतील आणि गडावर जाऊ देत असतील तरच पुढे जा. नसेल तर ठरवलेली जीप पांढरपाण्याला बोलवा. जीपमध्ये बसण्याआधी कोरडा संच घाला. ओल्या कपड्यांत दोन-अडीच तास बसून प्रवास केला की आजारपण तिथूनच सुरू होतं. प्लास्टिक, वर्तमानपत्राचे बोळे, पट्ट्या, सगळं सोबत कोल्हापुरात आणा, वाड्यांमध्ये कचरा उचलायची सोय नाही.

13. घरी आल्यावर

बूट त्याच दिवशी धुवा, सावलीत वाळवा. बोटांच्या मधे कातडी सोलत असेल तर पावडर आठवडाभर चालू ठेवा.

एक गोष्ट मात्र महिनाभर लक्षात ठेवा. खाचरांच्या आणि गुरांच्या वाटेवरच्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात, आणि ते फुटलेल्या फोडांतून किंवा ओरखड्यांतून शिरतात. निघण्याआधी प्रतिबंधक गोळी घ्यायची का हे डॉक्टरांना विचारा. परतल्यावर, बहुधा पाच ते चौदा दिवसांत पण कधी महिन्याच्या शेवटीही, अचानक ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणं, डोळे लाल, किंवा लघवी पिवळी-लालसर झाली तर घरी क्रोसिन घेऊन वाट बघू नका. डॉक्टरांकडे जा आणि ते विचारायच्या आधीच सांगा: "मी शाहूवाडीच्या बाजूला पावसात शेतातल्या पाण्यातून चालत होतो, पायाला जखमा होत्या."